हॉटेलसारखा सालसा

टेक्ससमध्ये कुठल्याही मेक्सिकन हॉटेलात जाऊन बसा. अजून मेन्यूकार्ड उघडलेलं नसतं, पाणीसुद्धा आलेलं नसतं, आणि एक जण येऊन गरम चिप्सची टोपली आणि लालभडक सालसाची वाटी टेबलावर ठेवून जातो. फुकट. संपली की पुन्हा आणून देतो, ती पण फुकट. आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलात सांबार परत मिळतं ना, तसंच. २००३ साली टेक्ससच्या विधिमंडळाने चिप्स आणि सालसा हे राज्याचं अधिकृत खाणं आहे असा चक्क ठराव केला. (राज्याचा पक्षी, राज्याचं फूल हे ऐकलं होतं. पण चिवड्याला असा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही. महाराष्ट्र सरकारने विचार करावा.)

तर या फुकटच्या सालसाची गंमत अशी, की तो विकत घ्यायला गेलं तर मिळत नाही. दुकानात बाटलीबंद सालसाची अख्खी रांग असते. माइल्ड, मिडियम, हॉट, काय हवं ते घ्या. पण बाटलीतला सालसा टिकावा म्हणून शिजवलेला असतो, त्यामुळे तो थोडा केचपकडे झुकतो. आता त्याला गिऱ्हाईक नाही असं मुळीच नाही. सॅन अँटोनियोमध्ये डेव्हिड पेस नावाच्या माणसाने १९४७ साली असा सॉस बनवून विकायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये कॅम्पबेल सूपवाल्यांनी ती कंपनी एक अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतली. पण हॉटेलातली वाटी ती वेगळीच. आणि घरी करायला गेलं की होते कोशिंबीर! टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू पिळलं की मेक्सिकन लोक त्याला पिको दे गायो म्हणतात. आपल्या मते त्यात फक्त दाण्याचं कूट घालायचं राहिलेलं असतं. चांगली लागते, प्रश्नच नाही. पण ती ही नव्हे.

इतके दिवस माझं यावाचून काही अडलं नव्हतं. हॉटेल घरापासून दहा मिनिटांवर, मग कशाला घरी उपद्व्याप? ऑस्टिनच्या उत्तरेला आमच्या भागात एक साधंसं हॉटेल आहे. आम्ही दोन कुटुंबं तिथे सहा वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी जात होतो. आम्ही दोघं आणि माझा एक मित्र, वहिनी आणि त्यांची मुलगी. मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा उंच खुर्चीत बसायची. दात नीट यायच्या आधी चिप सालसात बुडवून चोखायला शिकली. पुढे पुढे तर तिथले वेटर तिच्यासाठी वेगळी वाटी आणायला लागले.

जानेवारी २०२३ मध्ये मित्राची नोकरी गेली. त्या महिन्यात किती कंपन्यांनी किती लोकांना काढलं हे वाचकांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, त्यामुळे ते सांगत बसत नाही. ज्यांना एच-१बी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की नोकरी संपली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज करा, नाहीतर देश सोडा. २०१७ पूर्वी तर हे ६० दिवसही नियमात नव्हते. मित्राच्या कंपनीने पगार मार्चअखेरपर्यंत चालू ठेवला, त्यामुळे त्याचं गणित मेअखेरपर्यंत गेलं. घरात फ्रिजवर कॅलेंडर होतं. त्यावर त्याने मे महिन्याच्या पानावर काहीही खूण केलेली नव्हती. सगळ्यांना पाठच होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी त्याचा मेसेज आला, "आज जमणार नाही रे, तुम्ही या जाऊन." दुसऱ्या शुक्रवारी तोच. तिसऱ्या शुक्रवारी बायकोने सरळ वहिनींना फोन लावला आणि सांगितलं, आजपासून शुक्रवार आमच्याकडे. टाको, भात, राजमा (काळा राजमा, म्हणजे ब्लॅक बीन्स, पण फोडणी आमची), सगळं करते. वहिनी म्हणाल्या, "बरं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तिला अजून काही सांगितलेलं नाहीये हं."

मुलगी तेव्हा सात वर्षांची. आली, टेबलावर नजर टाकली, बाटलीतला सालसा वाटीत काढून ठेवला होता त्यात चिप बुडवली, खाल्ली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, दिस इज नॉट इट." तक्रार नव्हती. नुसती माहिती दिली. पुढच्या मिनिटाला तिचा प्रश्न, "आपण तिकडे का नाही जात?"

मित्र पाणी प्यायला आत गेला.

मी तिला म्हटलं, तो सालसा मी तुला घरी करून दाखवतो. मला थोडे दिवस दे. दोन शुक्रवार दे.

आता सॉफ्टवेअरवाल्याने स्वयंपाक करायचा म्हणजे काय होतं ते सांगायला नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहून ठेवायची आणि जो धागा हाती लागेल तो ओढायचा. पहिला धागा मला हॉटेलच्या मागच्या बाजूला मिळाला. तिथे पार्किंगला जागा मिळाली नाही तर आम्ही मागे गाडी लावायचो. कचऱ्याच्या पेटीशेजारी रिकामे डबे रचलेले असायचे. हे मोठे, जवळजवळ तीन किलोचे, ज्याला इथे नंबर टेन कॅन म्हणतात. वर लालबुंद टोमॅटोचं चित्र. सहा वर्षं मी ते डबे बघत होतो. तिथल्या वेटरला सरळ विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "मग काय, जानेवारीत ताजे टोमॅटो कुठून आणायचे?"

याचं कारण पुढे वाचत गेलो तसं कळलं. इथल्या दुकानात हिवाळ्यात मिळणारे ते गोल गुळगुळीत टोमॅटो बरेचदा हिरवे असतानाच तोडलेले असतात, म्हणजे ट्रकमध्ये फुटत नाहीत. मग त्यांना इथिलीन वायू देऊन लाल करतात. रंग येतो, चव यायची राहून जाते. त्यातून ते थंड ठेवले की असलेला वासही उडतो. (म्हणून टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका असं आजी सांगायची, ते बरोबरच होतं.) याउलट कॅनमधला टोमॅटो वेलीवरच लाल झालेला असतो. अमेरिकेतले असले प्रक्रियेचे टोमॅटो ९० टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्नियात पिकतात. भर उन्हाळ्यात यंत्राने काढतात आणि काही तासांत डब्यात बंद करतात. म्हणजे जानेवारीत तुमच्या हातातला 'ताजा' टोमॅटो आणि डब्यातला 'शिळा' टोमॅटो यांत उन्हाळा फक्त डब्यातल्याने बघितलेला असतो.

तरी विश्वास बसेना. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं ना, ताजं ते चांगलं, डब्यातलं ते आळशी माणसाचं. म्हणून दोन वाट्या केल्या. एकीत ताजे, एकीत डब्यातले, बाकी सगळं मापून सारखं. बायकोला न सांगता पुढे ठेवल्या. ताज्याची वाटी फिकट गुलाबी झाली आणि दहा मिनिटांत खाली पाणी सुटलं. बायकोने दुसऱ्या वाटीत चिप बुडवली आणि म्हणाली, "अरे, हा जवळपास तोच आहे की!"

'जवळपास' या शब्दावर पुढचे आठ दिवस गेले.

डबा घेताना एक बघा. अख्खे सोललेले टोमॅटो घ्या, फोडी केलेले नकोत. फोडी आकारात राहाव्यात म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. त्यामुळे त्या वाटल्या तरी कचकचीत राहतात आणि सालसा सरसरीत व्हायच्या ऐवजी चरबरीत होतो. डब्यावर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, चष्मा लावून वाचा. आणि रो-टेल नावाचा एक छोटा डबा मिळतो, टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यांचा. हा टेक्ससचाच, १९४३ पासूनचा. तो एक त्यात घातला की हॉटेलचा वास यायला लागतो. का ते मला विचारू नका, पण येतो.

पुढचा घोळ कांद्याचा. कच्चा कांदा मिक्सरमधून फिरवला की उग्र, कडवट होतो आणि दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला की सगळीकडे तोच वास. कांदा जितका चिरडाल तितकी त्याच्या पेशींमधली रसायनं एकमेकांत मिसळतात आणि गंधकाचा तो झणका तयार होतो. डोळ्यांत पाणी येतं तेही त्यानेच. यावर उपाय सोपा आहे. पाव कांदा हाताने मोठा मोठा चिरायचा, गार पाण्याखाली चाळणीत धुवायचा, मग त्यावर लिंबू पिळून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. कांदा राहतो, झणका जातो. लसूण एकच पाकळी. आपला हात तीनवर जातो, तो आवरा. तीन घातल्या तर चटणी होते, मग ती भाकरीबरोबर खा.

मिरची म्हणजे हॅलापेन्यो. याचा भरवसा नाही. एक मिरची भोपळी मिरचीसारखी निघते, शेजारची डोळ्यांतून पाणी काढते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने तर मुद्दाम कमी तिखट हॅलापेन्यो तयार केली आहे, त्यामुळे टोपलीत कुठली काय आहे ते बाहेरून कळत नाही. टोकाचा बारीक तुकडा जिभेला लावून बघा आणि मग ठरवा. तिखटपणा बियांत असतो असं आपण म्हणतो, पण खरा तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. सात वर्षांच्या मुलीसाठी करायचं तर तो गाभा चमच्याने खरवडून काढायचा आणि मिरची मात्र अख्खी घालायची. मिरचीची चव पूर्ण येते, तिखट बेताचं.

मिरची आणि टोमॅटो मूळचे तिकडचेच. साआगून नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने सोळाव्या शतकात अझ्टेकांचा बाजार लिहून ठेवलाय, त्यात मिरची, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया यांची वाटणं विकणाऱ्या लोकांचं वर्णन आहे. ती वाटणं दगडी, तीन पायांच्या मोल्काहेतेमध्ये व्हायची, म्हणजे त्यांचा खलबत्ता. त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. खानदेश-वऱ्हाडात ज्यांच्या घरी टोमॅटो-मिरच्या तव्यावर भाजून ठेचतात, त्यांना कोमालवर भाजून केलेला सालसा वेगळा समजावून सांगायला लागत नाही. हॉटेलातला वाटीतला मात्र बहुतेक वेळा न भाजलेला असतो, तो टेक्ससचा थाट. त्याची एक खूण म्हणजे जिरं. मेक्सिकोत आतल्या भागात सालसात सहसा जिरं घालत नाहीत, टेक्स-मेक्समध्ये घालतात. पाव चमचा पूड, न भाजलेली. जिरं भाजून घातलं की वास थेट ताकाकडे जातो, करून बघितलंय.

आता मिक्सर. आपला मिक्सर जन्मला आहे चटणीसाठी, त्याला 'थोडंसं' हा शब्द कळत नाही. सलग फिरवलं की आत हवा जाते, वर फेस येतो आणि रंग लालाचा केशरी होतो. म्हणून पल्सचं बटण दाबायचं आणि सोडायचं. दाबायचं आणि सोडायचं. आधी कांदा, लसूण, मिरची आणि मूठभर कोथिंबीर (कोवळ्या देठांसकट, वास देठांत जास्त) पाच-सहा वेळा. मग २८ औंसाचा टोमॅटोचा डबा रसासकट, रो-टेलचा डबा, जिरं, चिमूटभर साखर, आणि फक्त चार-पाच वेळा. बस. घट्ट वाटला तरी पाणी घालू नका, डब्यातला रस पुरतो.

मीठ अगदी शेवटी. डब्यांत आधीच मीठ असतं, त्यामुळे माप सांगत नाही. सालसा या शब्दाच्या मुळाशीच लॅटिनमधलं मीठ आहे. सॉसच्याही. पण चव बघायची ती चमच्याने नव्हे, चिपबरोबर. चिपवर मीठ असतं. चमच्यावर बरोबर लागलेला सालसा चिपवर खारट होतो. चिप्स ३५० फॅरनहाइटला पाच मिनिटं ओव्हनमध्ये गरम करून घ्या. अर्धं हॉटेल तिथेच आहे.

आणि सगळ्यात अवघड पायरी म्हणजे झाकण लावून दोन तास फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं आणि उघडायचं नाही. केल्या केल्या चाखला तर कांदा वेगळा, मिरची वेगळी, टोमॅटो वेगळा, सगळे आपापल्या खोलीत बसलेले असतात. दोन तासांनी एकत्र जेवायला येतात. हॉटेलवाले सकाळी करून संध्याकाळी वाढतात.

दुसऱ्या शुक्रवारी मुलगी आली. मी काही बोललो नाही. तिने चिप बुडवली, खाल्ली, दुसरी बुडवली. तिसरीला वाटीच जवळ ओढली. मित्र त्या दिवशी तिसऱ्या इंटरव्ह्यूच्या निकालाची वाट बघत होता, फोन टेबलावर उताणा ठेवला होता. चौथ्या चिपला मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, काकाने त्यांच्याकडून आणलाय." मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असतं?

फोन काही वाजला नाही.

असे पुढचे दहा-बारा शुक्रवार झाले. एका शुक्रवारी मी स्वयंपाकघरात आणि ते दोघं बाहेर गॅलरीत मुलीला घेऊन बसले होते. त्यांनी तिला सांगितलं. तिने विचारलेला पहिला प्रश्न शाळेचा होता. दुसरा वहिनींनी मला नंतर सांगितला: पुण्यात सालसा मिळतो का?

निघायच्या आठवड्यात मित्र म्हणाला, "अरे, दहा-बारा बाटल्या भरून दे ना, लोणच्यासारख्या. उकळून झाकण लावू. सामानात टाकतो." मी साफ नाही म्हटलं आणि इथे तुम्हालाही सांगतो, हे गमतीत घेऊ नका. लोणच्यात तेल-मिठाचा मारा असतो. सालसात कांदा-मिरची पडली की आंबटपणा कमी होतो. पीएच ४.६ च्या वर गेला आणि बाटली हवाबंद असली की बोट्युलिझमचा जंतू आत आरामात वाढतो. नुसत्या उकळण्याने त्याची बीजं मरत नाहीत. वास येत नाही, रंग बदलत नाही. १९७७ साली मिशिगनमधल्या पाँटियाकला एका मेक्सिकन हॉटेलात घरगुती पद्धतीने बरण्यांत भरलेल्या हॅलापेन्योंच्या सॉसमुळे ५९ जणांना बोट्युलिझम झाला होता. आपला सालसा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढे नाही.

मग बाटल्यांऐवजी वहीचं पान दिलं. पुण्यासाठी वेगळं लिहिलं. तिथे हे डबे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, पण डब्यांची गरजही तितकीशी नाही. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो फार लांबून यायचा नसतो. अगदी पिकलेले, हाताला मऊ लागणारे निवडायचे, सकाळी गिऱ्हाइकं बाजूला सारतात तसले. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट घालून साल काढायची, चिरून चाळणीत पाणी निथळू द्यायचं, निम्मे तसेच आणि निम्मे दहा मिनिटं पातेल्यात आटवून घ्यायचे. हॅलापेन्यो नाही मिळाली तर भाजीवाल्याकडची जाड, फिकट, भज्यांची मिरची. आणि लिंबाच्या बाबतीत पुणं टेक्ससच्या पुढे आहे. इथल्या दुकानात मिळतं ते मोठं बिनबियांचं पर्शियन लिंबू. मेक्सिकोचं खरं लिमोन म्हणजे आपलं कागदी लिंबू, तीच जात.

ते मे महिन्यात गेले. आमचे शुक्रवार काही दिवस रिकामे होते, मग आम्ही दोघंच पुन्हा त्या हॉटेलात जायला लागलो. वेटरने छोट्या वाटीबद्दल विचारलं.

जुलै २०२३ मध्ये भारतात टोमॅटो शंभरी पार करून गेला तेव्हा मित्राचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. स्टीलची वाटी, लाल सालसा, बाजूला चिप्स मिळाल्या नाहीत म्हणून तळलेल्या पोळीचे तुकडे. खाली लिहिलं होतं, "दोन किलोचा केला. आई म्हणते सोनं कुटलंस." त्याच्याखाली मुलीचा आवाज, सहा सेकंदांचा.

"काका, ऑलमोस्ट. पण कांदा नाही धुतला बाबाने."